भाईच्या मस्टँगचा आंस

आंस हा शब्द आता गावातही फारसा ऐकू येत नाही. बैलगाड्या होत्या तोवर तुंबा, आरे, धाव, आंस ही नावं पोरासोरांनाही पाठ असत. आता जत्रेच्या आधी रथाची डागडुजी निघते तेव्हा म्हातारे मेस्त हे शब्द बाहेर काढतात, आणि जत्रा आटोपली की रथाबरोबर शब्दही झाकून ठेवले जातात. मूळ संस्कृत ‘अक्ष’. ज्याच्याभोवती चाक फिरतं तो. मला मात्र हा शब्द बैलगाडीतून नाही, कीर्तनातून भेटला. दशरथाच्या रथाचा आंस ऐन युद्धात मोडतो, शेजारी बसलेली कैकेयी तिथे आपला हात घालते आणि रथ सावरते, म्हणून तिला दोन वर मिळतात. वाल्मीकींकडे हा हात नाही. त्यांची कैकेयी मूर्च्छित राजाला रणातून बाहेर काढते, एवढंच. हाताचा आंस केला तो लोकांनी. लोकांना गाडीतलं जास्त कळत असावं. मोडलेल्या आंसाची किंमत चौदा वर्षांच्या वनवासापर्यंत जाते हे त्यांनी बरोबर ओळखलं.

तुम्ही म्हणाल, आज हे काय मध्येच? तर सांगतो. गेले चार महिने मी साता समुद्रापलीकडच्या एका गाडीच्या मागच्या एक्सलचा विचार करतो आहे. ऑफिसात फाईल समोर उघडी असते आणि डोक्यात क्राऊन-पिनियन फिरत असतं. मी बीए, मराठी आणि इतिहास. गाडी म्हणाल तर एक स्कूटर आणि एक जुनी छोटी कार. पण माझा आतेभाऊ, ज्याला आम्ही सगळे भाई म्हणतो, त्याने हे काम माझ्यावर सोपवलं, आणि सोपवताना वर म्हणाला, “तू सरकारी कारकून. तीन कोटेशनं मागवून तुलनात्मक तक्ता करायची तुला सवय आहे. मला एक्सलचा तक्ता करून दे.” (आमचं बोलणं कोकणीतून होतं, इथे मराठीत देतो.)

भाई डिचोलीत वाढला, मुंबईला शिकला आणि गेली पंचवीसेक वर्षं अमेरिकेत मिशिगनमध्ये आहे. काम हिशेबाचं, पण राहतो डेट्रॉइटच्या जवळ. त्या मुलखात राहून गाडीचं वेड न लागणं म्हणजे फोंड्याला राहून एकही जत्रा न बघणं. १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये तिथल्या वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. तिकडे दरवर्षी खुर्ची टाकून बसता बसता एके वर्षी भाईने स्वतःच गाडी घेतली. १९६६ ची फोर्ड मस्टँग. फोर्डने ही गाडी १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे आणली, आणि तिने तिथल्या तरुण पिढीला वेड लावलं. भाईची गाडी मात्र त्यातली गरिबाची: सहा सिलिंडर, २०० घनइंच, १२० अश्वशक्ती. दिसायला घोडा, चालायला तट्टू, असं तोच म्हणायचा.

मग त्याने तट्टूचं काळीज बदललं. १९८७ ते १९९२ या काळातल्या मस्टँगमध्ये पाच लिटरचं, म्हणजे ३०२ घनइंचाचं व्ही-एट इंजिन येत असे, २२५ अश्वशक्तीचं. ते आणि त्याच्या जोडीचा टी-५ नावाचा पाच गिअरांचा गिअरबॉक्स त्याने एका अपघातग्रस्त गाडीतून काढून आणला आणि शेजाऱ्याच्या मदतीने बसवला. आमच्या वहिनीच्या मते त्या हिवाळ्यात घरात माणसं कमी आणि ग्रीस जास्त होतं.

इंजिन बसलं, आवाज आला, व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना गेले. आणि इथेच प्रश्न सुरू झाला. इंजिनाची ताकद रस्त्यापर्यंत पोचवायची तर ती मागच्या एक्सलमधूनच जाणार, आणि सहा सिलिंडरच्या मस्टँगला फोर्डने जो एक्सल दिला होता तो तेवढ्याच ताकदीचा होता. त्याला सव्वासात इंची म्हणतात. हा आकडा आतल्या क्राऊन चाकाच्या व्यासाचा. चाकाला नट चार, ब्रेक नऊ इंची ड्रमचे. त्याच काळातल्या व्ही-एट मस्टँगला आठ इंची एक्सल, पाच नट आणि दहा इंची ड्रम होते. म्हणजे कारखान्यालाही ठाऊक होतं की इंजिन बदललं की मागचं सगळं बदलावं लागतं. भाईने पुढचं बदललं होतं, मागचं बाकी होतं.

हिशेब करून पाहिला तेव्हा मी जरा हबकलो. पाच लिटरच्या इंजिनाचा पीळ ३०० फूट-पाउंड. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.३५. मागे ३.५५ चा एक्सल धरला तर दोन्हींचा गुणाकार जवळपास १२ येतो. म्हणजे गाडी जागची हलताना मागच्या एक्सलवर साडेतीन हजार फूट-पाउंडांचा पीळ पडू शकतो. लोखंडाचा एक दांडा, जाडी जेमतेम इंच-सव्वा इंच, आणि त्याला हे सोसायचं.

तर तक्ता. भाईने तीन पर्याय पाठवले होते.

पहिला, त्याच जमान्यातला आठ इंची एक्सल. नटबोल्ट काढा आणि बसवा, माप तंतोतंत. १९६५-६६ च्या मस्टँगचा मागचा एक्सल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वासत्तावन्न इंच भरतो, तेवढाच हा. पाट्यांच्या बैठका जिथल्या तिथे. साध्या रस्त्यावरच्या व्ही-एटला तो पुरतोही, कारखान्याने तसाच दिला होता. पण तो साठ वर्षांचा म्हातारा. चांगला मिळाला तर विकणारा त्याला पुराणवस्तू म्हणून विकतो, आणि त्याच्या टोकाला असतात ते परत ड्रमच.

दुसरा, नऊ इंची. हा एक्सल म्हणजे अमेरिकेतल्या गाडीवेड्यांचं कुलदैवत. फोर्डने १९५७ पासून १९८६ पर्यंत तो कार आणि पिकअप दोन्हींत घातला. मस्टँगमध्येही सगळ्यात तगड्या २८९ इंजिनाला तो मिळत असे. त्याची गंमत अशी की क्राऊन-पिनियनचा सगळा गोळा पुढच्या बाजूने बोल्ट काढून एकसंध बाहेर येतो. टेबलावर ठेवून हवा तसा जमवा आणि परत लावा. पिनियनला पुढे दोन बेअरिंगं असतातच, पण आतल्या टोकालाही एक तिसरं बेअरिंग असतं, त्यामुळे जोर आला तरी ते मागे सरत नाही. पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा बरंच खाली बसवलेलं असतं. दात एकमेकांवर जास्त लांब घासतात, म्हणून ताकद वाढते, आणि त्याच घासण्यामुळे थोडी शक्ती वाया जाते. हवी ती रुंदी सांगा, आजही नवा बनवून देणारे आहेत. फक्त पैसे मोजा.

तिसरा पर्याय मला पहिल्यापासून आवडला, कारण तो भंगारातला होता. १९९५ ते २००१ मधल्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची एक्सल. एक्सप्लोरर म्हणजे तिकडची कुटुंबवत्सल जीपगाडी, पोरांना शाळेत सोडणारी. भंगारवाड्यात त्या ओळीने उभ्या असतात. त्यांच्या एक्सलच्या दांड्याला ३१ दाते, आठ इंचीच्या दांड्याला २८. कानाला तीनचाच फरक वाटतो. पण दाते वाढले की दांडा जाड होतो, १.१८ इंचावरून १.३२ च्या आसपास, आणि पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. गणित केलं तर सुमारे चाळीस टक्के जास्त. शिवाय १९९५ पासून त्याला मागेही डिस्क ब्रेक आहेत. चाकाचे नट पाच आणि मापही मस्टँगच्या पाच नटांचंच. एक्सलच्या कव्हरला पत्र्याची एक छोटी चिठ्ठी असते. तिच्यावर ३ आणि ५५ यांच्या मध्ये ‘एल’ अक्षर असेल तर गुणोत्तर ३.५५ आणि आत लिमिटेड स्लिप, म्हणजे एक चाक चिखलात घसरू लागलं तरी दुसऱ्याला जोर मिळतो. सरकारी फाईलवरचा जावक क्रमांक वाचावा तसं हे वाचता येतं, म्हणून मला जरा जास्तच आनंद झाला.

अडचणीही आहेत. हा एक्सल साडेएकोणसाठ इंच रुंद. जशास तसा घातला तर टायर मडगार्डला घासतील. पिनियनही मध्यावर नसून एका बाजूला सरकलेलं. यावर तिकडच्या पोरांनी फार सुंदर उपाय काढला आहे. एक्सलची एक नळी लांब असते, एक आखूड. लांब नळी तीन इंचांच्या आसपास कापायची, आणि त्या बाजूला दुसऱ्या एखाद्या एक्सप्लोररचा आखूड दांडा घालायचा. दोन्ही बाजू सारख्या होतात, पिनियन मध्यावर येतं, आणि एक्सल मूळ मापापेक्षा पाऊण इंच अरुंद होतो, जे चालतं. नवीन काही बनवावं लागत नाही. दोन भंगारांतून एक धडका एक्सल तयार होतो.

दुसरी अडचण सी-क्लिपची. नऊ आणि आठ इंचीत दांडा बाहेरच्या टोकाला, बेअरिंगपाशी पट्टी लावून धरलेला असतो. ८.८ मध्ये तो आतून, डिफरन्शिअलमध्ये, इंग्रजी सी अक्षरासारख्या एका क्लिपने अडवलेला असतो. ती क्लिप गेली किंवा दांडा बाहेरच्या बाजूला तुटला, तर दांड्यासकट चाक बाहेर सरकू शकतं. मागे डिस्क असेल तर कॅलिपर त्याला थोडं अडवतो, ड्रम तेवढंही करत नाही. साध्या रस्त्यासाठी लाखो गाड्या याच क्लिपवर चालल्या. शर्यतीच्या पट्टीवर जायचं असेल तर वेगळं.

भाईचं मन अर्थात नऊ इंचीवर बसलं होतं. त्याने पाच हजार डॉलर बाजूला काढले होते आणि नवा कोरा नऊ इंची त्यातले जवळजवळ सगळे खात होता. तो म्हणाला, “एकदाच करायचं तर चांगलं करू. ब्रेकचं पुढच्या वर्षी बघू.”

मी तक्ता छापून घेतला आणि एका रविवारी डिचोलीच्या आमच्या ओळखीच्या मेस्ताकडे गेलो. हा माणूस आयुष्यभर खनिजाच्या टिपरांचे एक्सल उघडत आला. २०१२ साली खाणी थांबल्या, मग थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये परत थांबल्या. त्या उलथापालथीत त्याच्या गॅरेजातली निम्मी माणसं गेली, पण हात तसाच आहे. मी फोनवरचे फोटो दाखवले. क्राऊन किती इंची, दाते किती, नळी कुठे कापायची, सगळं एका दमात सांगितलं. त्याने चष्मा वर केला, फोटो मोठा करून पाहिला आणि एवढंच विचारलं, “फुडले ब्रेक खंयचे?”

पुढचे ब्रेक कुठले? पुढे अजून तेच नऊ इंची ड्रम होते.

मग त्याने समजावलं, आणि ते पुस्तकातही तसंच आहे, पण त्याच्या तोंडून ऐकताना पटलं. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं. पुढची चाकं रस्त्यावर दाबली जातात, मागची हलकी होतात. म्हणून गाडी थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढच्या चाकांचं. मागे जोरदार डिस्क आणि पुढे दमलेले ड्रम अशी जोडी लावली तर मागची हलकी चाकं आधी जाम होतात. जाम झालेलं चाक घसरतं, आणि मागचं चाक घसरलं की गाडीची शेपटी पुढे यायला बघते. म्हणजे मागचे ब्रेक नुसते चांगले करणं हे काही न करण्यापेक्षा वाईट. टिपर रिकामा असला की मागचे ब्रेक कसे बसतात ते पावसात उसगावच्या रस्त्यावर बघायचंस, असंही तो म्हणाला. आम्ही पाहिलं आहे.

मी त्याच्या बाकड्यावर बसूनच तक्त्यात एक रकाना वाढवला. प्रत्येक एक्सलच्या पुढे त्याचे मागचे ब्रेक, पुढचे ब्रेक, मास्टर सिलिंडर, आणि शेवटी बेरीज. कारकुनाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: एकाच कामाचे दोन तुकडे करून दुसरा तुकडा पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात टाकला, तर तो तिथेच राहतो. मी भाईला लिहिलं, एक्सल आणि ब्रेक हे एकच लेखाशीर्ष आहे.

भाई दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला आणि त्याने जीपचा विषय काढला.

जीपची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. भाईचे वडील, म्हणजे माझे आतोबा, एका खाणीवर जीप चालवत. जुनी विलीस पद्धतीची. १९८० च्या आसपासची गोष्ट, भाई सात-आठ वर्षांचा. सुटीच्या दिवशी आतोबा त्याला बरोबर घेऊन गेले होते. चढावर जीप अर्ध्यात असताना मागून कडाड असा आवाज झाला आणि पुढे जाणं थांबलं. इंजिन चालू, गिअर पडलेला, पण चाकाला जोर नाही. मागचा एक दांडा आत तुटला होता. आतोबांनी हँडब्रेक ओढला. जीप तरीही मागे सरकू लागली.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला वाटायचं, हँडब्रेकही त्याच वेळी खराब झाला असणार, देवाची करणी. या चार महिन्यांत कळलं की त्यात योगायोग काहीच नव्हता. त्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टला धरतो. शाफ्ट धरला की डिफरन्शिअलमधून दोन्ही चाकं धरली जातात, पण दोन्ही दांडे शाबूत असतील तरच. एक तुटला की डिफरन्शिअल त्या तुटक्या बाजूला मोकळं फिरतं, आणि दुसरं, चांगलं चाकही सुटतं. फोर-व्हील घातला असता तर पुढच्या चाकांनी थोडं धरलं असतं. तो घातलेला नव्हता. एक दांडा तुटला, आणि त्याच क्षणी हँडब्रेक गेला. आंस आणि ब्रेक ही दोन वेगळी खाती नव्हतीच.

वाचवलं ते पायाच्या ब्रेकने. तो चाकांवर होता. आतोबांनी ब्रेकवर पाय रोवून धरला, आणि भाईला उडी मारून चाकामागे दगड ठेवायला सांगितलं. रथाला पाचर लावतात तसा. सात वर्षांच्या पोराने उचलून आणला तो दगड केवढा होता, हे घरात दरवर्षी थोडं वाढत गेलं. आतोबा गेले त्या वर्षी तो जवळजवळ पाट्याएवढा झाला होता.

“बाबांच्या पायाखाली त्या वेळी ब्रेक नसता तर?” भाई फोनवर म्हणाला. मग म्हणाला, “पोरगी गाडी मागते आहे रे. उन्हाळ्यात कॉलेजातून येते तेव्हा चालवणार म्हणते.”

हे त्याने मला आधी सांगितलं नव्हतं. माझी पुतणी १९ वर्षांची. तिने त्या इंजिनाचे बोल्ट स्वतः आवळले आहेत, तिचा हक्क आहेच. पण १९६६ च्या मस्टँगमध्ये आणखी एक गोष्ट आहे. तिच्या मास्टर सिलिंडरला कप्पा एकच. पुढच्या-मागच्या चारही चाकांना एकाच कप्प्यातून तेल जातं. कुठेही एक नळी फुटली की पेडल जमिनीला टेकतं आणि चारही ब्रेक जातात. १९६७ च्या मॉडेलपासून दोन कप्पे आले, पुढचे वेगळे, मागचे वेगळे, एक गेलं तरी दुसरं राहतं. आणि मिशिगन म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणारं राज्य. लोखंडी नळ्या मिठाने आतून-बाहेरून खाल्ल्या जातात. आपल्याकडे समुद्राच्या हवेने ग्रिलचं काय होतं ते गोवेकराला सांगायला नको.

त्या एका वर्षाच्या फरकाचं मला फार वाटलं. १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाचं ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ हे पुस्तक आलं. त्याचं पहिलंच प्रकरण शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाडीच्या मागच्या एक्सलच्या रचनेवर होतं. त्यावरून रान उठलं, आणि सप्टेंबर १९६६ मध्ये अमेरिकेत गाड्यांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. भाईची गाडी त्या उंबरठ्यावरची. आणि इतकं असूनही आज मिशिगनमध्ये घरगुती गाडीची ठरावीक काळाने सक्तीची तपासणी नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कारखान्याने दिलेल्या रचनेत मनमानी बदल करू देत नाही, त्यावरून आपण कुरकुरतो. तिकडे भाई गॅरेजात काय कापतो, काय जोडतो, हे विचारायला कोणी येणार नाही. म्हणून ते घरातल्याच कोणी विचारायला हवं होतं. वहिनी गेलं वर्षभर विचारत होती, हे मला नंतर कळलं.

तर ठरलं ते असं. मागे एक्सप्लोररचा ८.८, ३.५५ चा, नळी कापून, त्याच्याच डिस्कसकट. वाचलेल्या पैशांत पुढे व्ही-एटचे स्टब, पाच नटांचे हब आणि चार पिस्टनांचे डिस्क ब्रेक. अशा डिस्कचा पर्याय फोर्ड १९६५ पासून मस्टँगला देतच होती, आता त्याच घाटाचे नवे संच मिळतात. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर. सगळ्या ब्रेक नळ्या नव्या. नऊ इंची एक्सल भाईने भिंतीवरच्या चित्रात ठेवला.

३.५५ का, ४.१० का नाही, यावर पुतणीशी माझी रीतसर चर्चा झाली. तिला ४.१० हवा होता, सिग्नलवरून झेप चांगली येते म्हणून. मी तिला हिशेब पाठवला: २५ इंची टायरवर ताशी ६५ मैलांनी जाताना पाचव्या गिअरमध्ये ३.५५ ने इंजिन मिनिटाला सुमारे २,१०० फेरे घेतं, ४.१० ने २,४०० च्या वर. कॉलेज दोन तासांवर आहे. तिने उत्तरात फक्त एक जांभई देणारं तोंड पाठवलं, पण ३.५५ मान्य केला.

ब्रेक जुळवणं हे मात्र एक्सल निवडण्यापेक्षा किचकट निघालं. डिस्कला ड्रमपेक्षा जास्त दाब लागतो, कारण ड्रममध्ये शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच घट्ट होत जातो, डिस्कला ती सोय नाही. बूस्टर नसलेल्या गाडीत तो दाब पायातूनच यायला हवा. मास्टर सिलिंडरचं भोक एक इंचाऐवजी पंधरा सोळांश इंचाचं घेतलं तर त्याच पायाने १४ टक्के जास्त दाब मिळतो, पण पेडल तेवढंच जास्त खाली जातं. भाईने लहान भोकाचा घेतला. मग ड्रमच्या व्यवस्थेत नळीत थोडा दाब कायम धरून ठेवणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो चुकून राहिला तर डिस्कचे पॅड सुटतच नाहीत, चाक तापतं. आणि मागच्या नळीत एक फिरकीचा व्हॉल्व्ह, मागच्या चाकांकडे जाणारा दाब कमी-जास्त करायला. मूळ चौदा इंची चाकं या डिस्कवर बसत नाहीत, पंधरा इंची घ्यावी लागली. त्याचा खर्च मी तक्त्यात धरला होता. हे मी भाईला दोनदा ऐकवलं.

कापाकापी त्याने स्वतः केली नाही, ते बरं केलं. नळी कापून परत जोडताना ती केसभर वाकडी झाली तरी बेअरिंग खाऊन टाकते. वेल्डिंग करणाऱ्याने आत सरळ दांडा घालून, थोडं थोडं वेल्ड करत, मध्ये थंड होऊ देत काम केलं. पाट्यांच्या जुन्या बैठका घासून काढल्या, नव्या ४३ इंचांच्या अंतरावर बसवल्या. पिनियनचं तोंड गिअरबॉक्सच्या रेषेला समांतर, पण एक-दोन अंश खाली, कारण जोर आला की पाटे वळतात आणि ते वर उचललं जातं. प्रोपेलर शाफ्ट मापून आखूड केला.

गेल्या महिन्यात ब्रेकमधली हवा काढायचा कार्यक्रम झाला. पुतणी पेडलवर, भाई गाडीखाली, मी आणि मेस्त इकडे फोनच्या पडद्यावर. इथे रात्रीचे साडेदहा. “दाबून धर… सोड,” असं भाई कोकणीतून सांगत होता आणि ती इंग्रजीतून हो म्हणत होती. आधी मागचं, मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक, मग जवळ जवळ येत पुढचं. मेस्ताला पडद्यावरून बुडबुडे कसे दिसले देव जाणे, पण मागच्या उजव्या चाकाला अजून हवा आहे असं त्याने सांगितलं आणि ती निघाली.

नंतरच्या रविवारी एका बंद दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये चाचणी. ताशी ३० मैल, सरळ रेषा, पाय दाबायचा, वहिनी बाजूला उभी राहून कुठलं चाक आधी जाम होतं ते बघणार. पहिल्या वेळी मागचं झालं, गाडीची शेपटी हातभर सरकली. फिरकी दोन वळसे कमी. परत. आणखी एक वळसा. पाचव्या खेपेला पुढची चाकं आधी ओरडली आणि गाडी सरळ थांबली. वहिनीने खडूने जमिनीवर आडवी रेघ ओढली.

आता हँडब्रेकची केबल राहिली आहे. एक्सप्लोररच्या मागच्या डिस्कच्या पोटात एक छोटा ड्रम असतो, हँडब्रेक त्याच्यावर, म्हणजे थेट चाकावर चालतो. भाईला तेवढ्यासाठीसुद्धा हा एक्सल आवडू लागला आहे. केबल मात्र तीन इंच लांब पडते. ती कापून नवं टोक लावून मिळेपर्यंत गाडी उताराच्या अंगणात उभी आहे, आणि मागच्या चाकाखाली पुतणीने एक लाकडाचा ओंडका ठेवला आहे.

फोटो आला आहे. ओंडका तसा लहानच आहे.